आत्याबाईच्या बांधीतला डोंगर

सूर्यमालेतला सगळ्यात मोठा ज्वालामुखी मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या तलावाखालच्या धानाच्या बांधीत, आणि तो एक वीत उंच होता. नोकरीच्या काळात हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या निम्म्यांना ती थाप वाटली आणि बाकीच्यांना मी उगाच नम्रपणा करते आहे असं वाटलं. नम्रपणा आमच्या घरात कुणाला कधी परवडला नाही. वीत मात्र माझी नव्हती, आत्याबाईची होती, आणि आत्याबाई आपल्या फायद्याचं काही मोजत असली की अंगठा ताणून धरायची. तेव्हा डोंगर थोडा कमीजास्त झाला असेल तर त्याचा दोष विज्ञानाकडे जात नाही. आता निवृत्तीनंतर गुडघे म्हणतील तेवढंच चालायचं आणि डॉक्टर म्हणतील तेवढंच खायचं, असे दिवस आलेत. लिहायला मात्र अजून कुणी मनाई केलेली नाही, म्हणून तो एक पावसाळा लिहून ठेवते.

आमचं गाव सिंदेवाहीहून थोडं आत, आणि घर तलावाच्या काठाला. घरात चार माणसं. बाबा भाताच्या सरकारी फार्मवर मजूर म्हणून लागले आणि मुकादम झाले. दिवसभर धानाच्या जाती पाहून घरी आले की ताटातला भातही ते बोटांत धरून उजेडाकडे न्यायचे, आणि आई म्हणायची, "खा आता, तो काई पास-नापास होत नाई." आई कमी बोलायची, पण बोलली की तेवढंच पुरायचं. तिच्या हातची लाखोळीची डाळ, त्यात वाळलेले झिंगे टाकलेले, आणि पावसाळा लागला की सात्या, म्हणजे रानातल्या वारुळांवर उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या. सात्यांची भाजी झाली की जेवताना घरात कुणीही बोलत नसे. आमच्याकडे शांतता एवढ्याच कारणाने नांदली. एरवी तलावावरच्या बदकांचा कलकलाट, छोट्या रेल्वेची शिट्टी, भातगिरणीचा पट्टा फटफटण्याचा आवाज, आणि या सगळ्यांवर आत्याबाईचा आवाज.

आत्याबाई बाबांची थोरली बहीण, कौसल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी आली आणि आली त्या दिवसापासून शेताची मालकीण झाली. कागदावर शेत बाबांच्या नावावर होतं, पण कागद शेतात येत नसतो. तिच्यावाचून आमच्याकडे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटले जात नसत आणि गाय दूध देत नसे, असं तिचं म्हणणं. मी तिच्या शेजारच्या खाटेवर झोपत वाढले. आईने मला जन्म दिला, आणि आत्याबाईने उरलेली सगळी कामं आपल्याकडे घेतली, त्यात मला हसणं हेही एक होतं. मी चंद्रपूरला राहून बी.एस्सी. झाले, गावातली पहिली मुलगी. विहारात रविवारच्या वंदनेनंतर माझं कौतुक झालं, खीर वाटली गेली. त्यानंतर वर्षभर मी घरी बसून होते. अर्ज करत होते आणि उत्तरं येत नव्हती. आत्याबाई पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायची, "हे आमची बी.एस्सी. शेण चांगलं थापते."

तेव्हाच भूगोलाच्या आमच्या सरांनी चंद्रपुराहून एक जाडजूड पाकीट धाडलं. हैदराबादला नकाशे काढणारी एक संस्था होती. तिला शिकाऊ मुलं-मुली हवी होती, आणि परीक्षा मोठी मजेशीर होती. एक मोठा कागद, त्यावर चौकटी, प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर एक आकडा. हे आकडे म्हणजे मंगळावरच्या एका प्रचंड ज्वालामुखीच्या उंच्या. यानांनी काढलेल्या फोटोंवरून कुणीतरी त्या मोजल्या होत्या. सारख्या उंचीच्या जागा रेषेने जोडायच्या आणि डोंगराचा आकार कागदावर आणायचा. मंगळ अशासाठी, की ताडोबाचा किंवा सह्याद्रीचा नकाशा कुणीही कुठूनही उतरवून काढला असता. हा डोंगर कुणाच्या ओळखीचा नव्हता. नकाशा पसंत पडला तर मुलाखत, मुलाखत जमली तर दोन वर्षं शिक्षण आणि मग तिथेच काम. सरांनी सोबत एवढंच लिहिलं होतं की ही जागा सोडू नको.

मला जायचं होतं. आज मागे वळून त्याला ध्येय वगैरे म्हणता येईल, पण तेव्हा ते भुकेसारखं साधं होतं. मला कुठेतरी असं काम हवं होतं जिथे सकाळी टेबलाशी बसायचं आणि संध्याकाळपर्यंत जगात एक बरोबर रेषा वाढलेली असायची. आणि हे नाही जमलं तर पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरात कुणी टाकून बोलत नव्हतं, त्यामुळे तर अधिकच जीव घाबरा व्हायचा.

आता गंमत पाहा. समान उंचीच्या रेषा एकमेकींना कधी कापत नाहीत, हा पहिला नियम. एकच जागा एकाच वेळी दोन उंचींवर असू शकत नाही. माझ्या रेषा एकमेकींना कापायच्या, गळ्यात पडायच्या, नाहीतर भांडून मध्येच थांबायच्या. कारण डोळ्यांसमोर डोंगर म्हटला की पुस्तकातला, टोकदार, डोक्यावर धूर असलेला. आकडे मात्र काही वेगळंच सांगत होते. मी ओसरीत पालथी पडून कागद रंगवायची आणि आत्याबाई चूल फुंकता फुंकता मान वळवून पाहायची. "कोष्ट्याचं सूत गुतलं वाटते," ती म्हणायची. एकदा तिने विचारलं की हा डोंगर आहे तरी कुठे. मी म्हटलं, मंगळावर. तिने फुंकणी खाली ठेवली. "आपल्यात पत्रिका पाहत नाई म्हणून बरं हाये. नाई तं लोकाच्या पोरीले मंगळ असते, आमची मंगळाच्या मागं लागली." बाबांना त्यातलं थोडं समजलं होतं, म्हणून त्यांची शंका जास्त अवघड होती. "उंची कुठून मोजली म्हणते? आपण समुद्रापासून मोजतो. तिथी समुद्र हाये का?" मी म्हटलं, नाही, पाण्याचा थेंब नाही, काहीतरी पातळी मनाने धरून मोजतात. बाबांनी हात धुतले. "पाणीच नाई, तं वर काय अन् खाली काय," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

त्या वर्षी पाऊस रुसला होता. मृगात दोनदा येऊन गेला तो गेलाच. पऱ्हे हातभर वाढून पिवळे पडू लागले, आणि रोवणा, म्हणजे लावणी, थांबलेला. अशा वेळी आमच्याकडे तलाव वाचवतो. गावातले चार जण बसून पाळ्या ठरवतात, कुणाच्या बांध्यांना कधी पाणी. तलावाच्या पोटात बसवलेलं जुनं दगडी तोंड असतं, त्याला तुडूम म्हणतात. ते उघडलं की पाणी सगळ्यात वरच्या बांधीत येतं, ती भरली की धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून खालच्या बांधीत, तिथून आणखी खाली. पाणी कुणाकडे थांबत नाही, फक्त वाटेत प्रत्येकाकडे जेवून जातं. आमची बांधी सगळ्यात वरची होती आणि पाळी लागायला थोडे दिवस होते. बांधी कोरडी, चिखल अर्धवट सुकलेला, आणि मी धुऱ्यावर बसून तलावाकडे पाहत होते. तलाव आटत चालला होता. उतरत्या पाण्याने काठावर रेघा सोडल्या होत्या, एकीखाली एक, खाचाखोचांत शिरून बाहेर येणाऱ्या, पण कुठेही एकमेकींना न कापणाऱ्या. त्या रेघा मी जन्मापासून पाहत होते. बी.एस्सी. झालेल्या माणसाला डोळ्यासमोरचं दिसायला जरा वेळ लागतो.

मी घरी धावत गेले आणि म्हटलं की मला आपली बांधी हवी. आत्याबाईला वाटलं मी विकायला काढली. मग मी सांगितलं. कागदावरच्या चौकटींसारख्या बांधीत सुतळ्या बांधायच्या. प्रत्येक कोपऱ्यावर आकड्याएवढी बांबूची कामटी रोवायची, एका किलोमीटरला एक सेंटिमीटर. कामट्यांच्या टोकांपर्यंत चिखल भरायचा, की झाला डोंगर. मग पाळीचं पाणी आलं की त्याला बुडवायचं, आणि धुरा थोडा थोडा फोडून पाणी दोन-दोन बोटं उतरवायचं. प्रत्येक वेळी पाणी जिथे टेकेल ती एक रेषा. आई म्हणाली, "अन् रोवणा?" बाबांनी आत्याबाईकडे पाहिलं. सगळं आत्याबाईवर होतं. तिने बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाली, "पाणी खालीच जाणार हाये न? जाऊ दे मंग, हळूहळू जाऊ दे. पण चिखल आपली बी.एस्सी. कालवन. मी नाई."

चिखल अर्थात तिनेच कालवला. मी कालवलेला तिला पाहवेना. धानाचं तणस टाकून, पायाने मळून, भिंतीला लावतात तसा तो घट्ट केला, आणि आम्ही दोघी कामटीकामटीने डोंगर भरू लागलो. भरता भरता माझं तोंड उतरत गेलं. आडवा पसरला तो सहा मीटर, बैलबंडी वळेल एवढा, आणि मध्ये वर आला तो फक्त वीतभर. कडेला एक छोटी उभी पायरी, कडा म्हणावा अशी, आणि त्यानंतर आत इतका निवांत चढ की पालथ्या घातलेल्या तव्यालाही त्याहून जास्त बाक असेल. अगदी मध्यावर एकात एक बसलेले खळगे. मी आकडे पुन्हा तपासले. आकडे बरोबर होते. हा डोंगर एव्हरेस्टच्या अडीचपट उंच होता हे खरं, पण तो अख्खा महाराष्ट्र झाकेल एवढा पसरलेला होता, आणि त्या पसाऱ्यापुढे उंचीचं काही चालत नव्हतं.

मी गावभर सांगून ठेवलं होतं की जगातल्या सगळ्या डोंगरांचा बाप येतो आहे. लोक पाहायला आले. धुऱ्यावर रांगेने उभे राहिले आणि बांधीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा बांधीकडे पाहू लागले. कुणीतरी विचारलं, डोंगर कधी आणणार आहेत. "हाच हाये," आत्याबाई म्हणाली. "लहान समजू नोका. थकून बसला हाये." मी समजावून सांगू लागले की या डोंगरावर तुम्ही उभे राहिलात तर डोंगर दिसणारच नाही, उतार इतका हळू आहे की त्याची कड क्षितिजाच्या पलीकडे जाते. आत्याबाईने हे लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे डोंगरावर उभं राहून डोंगर कुठी हाये म्हणून विचारत राह्याचं," ती म्हणाली. "आमच्याकडं अशी माणसं हायेत लय." माझ्याकडे पाहून म्हणाली. मी तेव्हा रागावले होते.

पाळीच्या दिवशी सकाळीच तुडूम उघडलं. दुपारपर्यंत बांधी भरली, डोंगर बुडाला, आणि मधल्या खळग्यांचा काठ तेवढा पाण्यावर उरला. रोवण्याच्या बाया पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन धुऱ्यावर येऊन बसल्या होत्या. आमच्याकडे रोवणा म्हणजे बायांची टोळी असते, गाणी म्हणत, मागे मागे सरकत लावत जाते, आणि वाटेने जाणाऱ्या कुठल्याही पुरुषाची ती गय करत नाही. टोळीची पुढारी बेबीबाई. तिने चहूकडे पाणी आणि मध्ये तो कोरडा खळगा पाहिला आणि म्हणाली, "कौसाबाई, हा तं आमच्या मालकासारखा हाये. सारं घर बुडालं तरी डोकं कोरडं." मग मीच खळग्यात तांब्याने पाणी ओतून आतल्या रेषा पाडल्या, आणि बेबीबाईने दर तांब्याला आपल्या मालकाचं नाव घेतलं.

खरी पंचाईत पुढे झाली. धुरा फोडला, पाणी दोन बोटं उतरलं, काठ दिसला. मी चुन्याने खुणा करायला गेले तर चुना ओल्यात विरघळून गेला. काड्या रोवल्या तर त्या पाण्यावर तरंगून इकडेतिकडे. मला रडू यायला लागलं. पाणी एकदाच येणार होतं, खालच्या बांधीच्या शेतकऱ्याने धुऱ्यावरून हाका सुरू केल्या होत्या, आणि पाकीट त्याच आठवड्यात टपालात पडायला हवं होतं. आत्याबाईने लुगडं खोचलं, पऱ्ह्यांची जुडी उचलली आणि पाण्यात उतरली. "रडून नोको राहू. रोवायचंच हाये न? मंग सरळ रांगेनंच रोवाव असं कोण्या सरकारनं सांगतलं?" आणि पाण्याच्या काठाकाठाने, जिथे ते चिखलाला टेकत होतं तिथे, तिने पऱ्हे रोवायला सुरुवात केली. बाया हसल्या आणि तिच्या मागे उतरल्या. एक गोल कडं पुरं झालं की धुरा आणखी फोडायचा, पाणी उतरायचं, की त्याखाली दुसरं कडं. त्यांनी आयुष्यभर सरळ ओळी लावल्या होत्या. त्या दिवशी त्या वाकड्या लावत गेल्या, आणि एकही रेषा दुसरीवर गेली नाही. मी धुऱ्याशी लावलेल्या बैलबंडीवर उभी राहून कागदावर उतरवत होते, डोळे पुसत आणि पेन्सिलीला थुंकी लावत.

मध्येच मी ओरडले. बाया वरच्या गोलाकडे जाताना सगळ्या एकाच बाजूने चढत-उतरत होत्या, आणि त्या बाजूचा कडा मला कुठे दिसेना. "आत्याबाई, तुमच्या पायांनी माझा डोंगर मोडला," मी म्हटलं, आणि वर आणखी काही म्हटलं. ती चिखलात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमी इथून चढलो, कारण इथीच चढता येते. दुसरीकडं पायरी हाये, दिसत नाई का? आमी का बिनडोक हाओत, पायरीवरून चिखलात पडाले?" मी कागद काढून त्या बाजूचे आकडे पाहिले. तिथे कडा नव्हताच. बाकी सगळीकडून उभा कडा असलेल्या डोंगराच्या त्या बाजूला लाव्हा काठावरून खाली ओघळत गेलेला होता आणि त्याने पायरी बुजवून टाकली होती. आकडे पहिल्यापासून तेच सांगत होते. मी तिथे आपल्या मनाने कडा ओढून ठेवला होता, सगळीकडे आहे तर इथेही असणार म्हणून. तेवढ्यासाठी तीन कागद फुकट गेले होते. मी चूक झाली म्हटलं नाही. आत्याबाईनेही ते मागितलं नाही, फक्त पुढचा सगळा दिवस त्या बाजूने जाताना ती माझ्याकडे पाहून पाऊल जरा जास्त ठसक्यात टाकत होती.

नकाशा मी शाईत काढला. तो सुंदर झाला होता, हे आज चाळीस वर्षं नकाशे पाहून म्हणते. आणि मग, अगदी शेवटी, हात आवरला नाही. डोंगराभोवतीचा सगळ्यात सखल भाग कोरा कोरा दिसत होता. मी आईची कपड्यांची नीळ पाण्यात कालवली आणि तो भाग हलक्या निळ्या रंगाने भरून टाकला. विचार करून नाही. आमच्याकडे सगळ्यात खाली पाणीच असतं. सखल जागा कोरडी सोडणं मला जमलंच नसतं. पाकीट बसने गेलं, आणि दोन दिवसांनी भाताची पेज काढताना माझ्या लक्षात आलं की मी मंगळावर तलाव काढून पाठवला आहे. जिथे पाण्याचा थेंब नाही असं मीच बाबांना शहाणपणाने सांगितलं होतं. मी ते कुणालाही सांगितलं नाही. भात मात्र त्या दिवशी फडफडीत झाला नाही.

पाऊस मग आला, उशिरा पण आला. बांधीतला डोंगर विरघळत विरघळत सपाट झाला, पण पऱ्हे कड्याकड्यांनी उभे राहिले. त्या वर्षी आमची बांधी रस्त्यावरून ओळखू यायची. धान गोल गोल पिकलं, कापणाऱ्या बाया गोल गोल फिरल्या, आणि आत्याबाईने ते तांदूळ वेगळ्या कोठीत ठेवले. सणावाराला भात वाढताना ती पाहुण्यांना सांगायची, "सावकाश खा, मंगळावरून आला हाये." दिवाळी गेल्यावर मुलाखतीचं बोलावणं आलं.

सोबत कोण जाणार यावर चर्चा झाली नाही. आत्याबाईने आधीच पेटी भरली होती. छोट्या रेल्वेने चांदा फोर्ट, तिथून बल्लारशा, आणि मग मोठ्या गाडीने हैदराबाद. रात्रभर ती खिडकीशी बसून होती आणि दर स्टेशनावर इथे धान होतं की ज्वारी एवढं विचारत होती. संस्थेच्या कचेरीत तिला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं, दार उघडंच राहिलं. आत तीन साहेब होते. मधले जाड भिंगाच्या चष्म्याचे, हिंदीत बोलणारे, माझा नकाशा त्यांच्यासमोर होता. त्यांनी रेषांवर बोट फिरवलं. विचारलं की इथे सगळ्यांनी कडा दाखवला, तुम्ही का नाही दाखवला. मी म्हटलं, आकड्यांत नाही. त्यांनी मान डोलावली. मग बोट निळ्यावर आलं. "और ये नीला? मंगल पे पानी कहाँ से लाईं आप?"

वर्षभराचे अर्ज, सरांचं पाकीट, बाबांची समुद्राची शंका, सगळं त्या बोटाखाली होतं. मी तोंड उघडलं आणि आवाज आला तो दारातून. "आमच्या तलावाचं हाये, साहेब. पाळीचं पाणी. तिनं चोरून नाई आणलं." आत्याबाई उंबऱ्यात उभी होती, हातात पिशवी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला सगळं सांगावंच लागलं, बांधी, कामट्या, तुडूम, पऱ्हे, बेबीबाईचा मालक सोडून सगळं. सांगता सांगता मी हिंदीतून आमच्या बोलीत कधी घसरले मला कळलं नाही, आणि त्यांना समजत होतं की नाही तेही मी पाहिलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, निळा रंग चूक आहे, पुसून टाका, आणि सोमवारपासून या. आत्याबाईने पिशवीतून तांदळाची पुरचुंडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "त्याच डोंगरावरचे हायेत," ती म्हणाली. "पाणी खोटं म्हणता, मंग हे शिजवून पाहा."

दुसऱ्या दिवशी मी तिला बल्लारशाच्या गाडीत बसवून दिलं. वर्षभर येता-जाता मला हसणारी आत्याबाई गाडी सुटेपर्यंत पेटीची कडी उघडत-लावत बसली. मग खिडकीतून हात काढून माझा दंड धरला आणि म्हणाली, "तुही खाट मी काढून ठेवन. जागा लय अडते." पुढच्या दिवाळीला मी गेले तेव्हा खाट तिथेच होती, अंथरूण घातलेली. आईने सांगितलं की कुणाला त्यावर बसूही देत नाही.

मी त्याच कामात म्हातारी झाले. आधी फोटोंवरून, मग शुक्राच्या ढगांतून आरपार गेलेल्या रडारवरून, मग मंगळाभोवती फिरत लेझरने कोट्यवधी ठिकाणी उंची मोजणाऱ्या यानांवरून. आता आकडे इतके येतात की कामटी रोवायला पृथ्वी पुरणार नाही. आणि सांगायला आनंद होतो की हल्ली सगळ्या जगात मंगळाच्या नकाशावर सखल भाग निळा रंगवतात. वाचायला सोपं जातं म्हणून. काही शास्त्रज्ञ तर असंही म्हणतात की त्या सखलात कधीकाळी खरंच समुद्र असावा. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यात मी पडत नाही. मी माझी नीळ आधीच लावून बसलेली आहे.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मुलांनी मला त्या ज्वालामुखीची एक प्रतिकृती दिली, यंत्राने थरावर थर चढवून छापलेली, ताटाएवढी. मी ती घेऊन गावी गेले. आई-बाबा आता नाहीत. आत्याबाई आहे, म्हणजे तेव्हा होती, नव्वदीला टेकलेली, दोन्ही डोळ्यांनी अधू, ओसरीत खाटेवर. कान आणि जीभ मात्र शाबूत. मी ती वस्तू तिच्या मांडीवर ठेवली आणि काय आहे ते सांगितलं नाही. तिने आधी हाताने वजन पाहिलं. मग बोटं फिरवली, मधल्या खळग्यात घातली, काढली, आणि कडेला आली. कडेकडेने, उभ्या पायरीवरून तिची बोटं सावकाश सरकत गेली, अर्धा फेरा, त्याहून थोडं जास्त. मग एका जागी पायरी संपली. तिथे ती थांबली. दोन बोटं तिने तिथून वर चढवली, खाली आणली, पुन्हा चढवली, ओल्या चिखलात पाय जपून टाकावा तशी.

"इथून चढलो होतो न वं आमी," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. इतक्या वर्षांनी मी तिला हेही म्हटलं की कडा तुम्ही मोडला नव्हता. तिने ऐकून घेतलं, आणि बोटं तिथेच ठेवून, माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवून हसली.

"ते तं मले तवाच मालूम होतं," ती म्हणाली. "तू मोठी होऊन सांगशील म्हणून थांबली होती."